शेवटच्या घरचं पाणी

शहरात तिला सगळे बाटलीबाई म्हणत. नवख्या माणसाला त्या नावावरून भलताच संशय यायचा, पण तिच्या बाटल्यांत निव्वळ पाणी असे. पाणीपुरवठा खात्यात ती एकवीस वर्षं पाणी तपासत होती. दर मंगळवारी यादीतल्या चौदा नळांवर जायचं, स्पिरिटच्या पेटत्या बोळ्यानं नळाचं तोंड शेकायचं, दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, बाटली भरायची आणि बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत आणायची. प्रयोगशाळा म्हणजे पंपघरामागची एक खोली. ती यादी शहर मूठभर होतं तेव्हाची, त्यामुळे चौदाही नळ टाकीच्या आसपासचे. तिथलं पाणी चांगलंच निघायचं. अहवालावर ‘पिण्यास योग्य’ असा शिक्का मारून मारून तिचं मनगट दुखायचं.

त्या वर्षी तिच्या वहिनीला कावीळ झाली. भाऊ लाँड्रीमागच्या लांबलचक गल्लीत अगदी शेवटच्या घरी राहायचा.

“बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल हिनं,” भाऊ म्हणाला.

“मी कधी गेले बाहेर?” वहिनी अंथरुणातूनच फणकारली. “आणि त्या शिंप्याच्या घरी दोघं पडलेत, त्यांनीही बाहेरचंच खाल्लं का?”

बाटलीबाईनं चौकशी केली. गल्लीत सहा घरांत कावीळ निघाली. तिनं भावाच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा नमुना घेतला. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ. पण दोन दिवसांनी तपासणीच्या जांभळ्या काचनळ्या एकूण एक पिवळ्या पडल्या आणि आत हवेचे बुडबुडे धरले. याचा अर्थ एकच होता, पाण्यात गटार मिसळत होतं.

ती काचनळ्या घेऊन तडक मोठ्या साहेबांकडे गेली.

“हा नळ यादीत आहे का?” साहेबांनी विचारलं.

“नाही.”

“मग हा तुमचा खाजगी नमुना झाला, बाई.”

“नमुना खाजगी असेल, साहेब. गटार सार्वजनिक आहे.”

साहेब हसले नाहीत. फेरतपासणीचा हुकूम निघाला, पण यादीतल्या सर्वांत जवळच्या नळाची. तो टाकीकडच्या बाजूला, पाण्यात गटार मिसळायच्या आधीच. तिथलं पाणी अर्थातच चांगलं निघालं आणि तिला स्वतःच्याच हातानं पुन्हा तोच शिक्का मारावा लागला. त्या दिवशी तिनं तो इतक्या जोरात आपटला की कागद फाटला.

तिनं तीन अर्ज दिले. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्यावर ‘पाहिले’ एवढंच. तिसरा कुठे गेला ते कुणालाच सांगता येईना. खात्यातला जुना फिटर तिच्या बाजूचा होता. “लाँड्रीसमोर आपली पाइपलाइन गटारातूनच गेलीय, ताई,” तो म्हणाला. “मला डोळे मिटून जागा दाखवता येईल. पण हुकमाशिवाय कुदळ मारली तर उद्या घरी बसवतील.”

घरी तरी तिचं कोण ऐकत होतं? “पाणी उकळून प्या रे,” ती भावाच्या कानीकपाळी ओरडायची. तो म्हणायचा, “लहानपणापासून हेच पाणी पितोय, काय झालं मला?” पालथ्या घड्यावर पाणी!

शेवटी एका रविवारी तिनं औषधाच्या थेंबांची कुपी घेतली, टाकीजवळच्या नळाचं पाणी बाटलीत भरलं आणि गल्लीत जाऊन बायकांना गोळा केलं. टाकीजवळच्या पाण्यात थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. गल्लीतल्या पाण्यात टाकले. ते होतं तसंच राहिलं.

“बघा,” ती म्हणाली, “पिवळं झालं म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे, जंतू मारणारं. तुमच्यापर्यंत येईतो ते संपतंय. कारण मध्ये...”

“अगं बाई! पिवळं!” शिंपीण किंचाळली. “कावीळ त्याच्यातच आहे!”

“अहो, उलटं आहे ते! पिवळं चांगलं!”

“पिवळं कधी चांगलं असतं का? आमचं बघा कसं स्वच्छ आहे.”

तिनं तीनदा समजावलं, घसा बसेपर्यंत. सोमवारी सकाळी तीस-चाळीस माणसं कचेरीवर धडकली. टाकीत काविळीचं पाणी आहे म्हणून ओरडू लागली. साहेबांनी तिला बोलावून अफवा पसरवल्याबद्दल लेखी ठपका दिला. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. रडू येत नव्हतं, नुसता संताप संताप होत होता. खरं बोलून ठपका, आणि ज्यांच्यासाठी बोलायचं त्यांनी खरं नेमकं उलटं ऐकलेलं!

पण गर्दी हटेना. लोकांना शांत करायला साहेबांनी ‘तक्रार आलेल्या भागात खोदून पाहणी करावी’ असा हुकूम काढला. कुठे खोदायचं ते लिहायचं राहिलं. फिटरनं कागद खिशात घातला आणि तडक लाँड्रीसमोर कुदळ मारली. दुपारपर्यंत पाइप उघडा पडला. दोन हात लांबीचा तुकडा गंजून चाळणी झालेला, आणि वरून काळं पाणी वाहतंय. लाँड्रीवाला नाक दाबून आत पळाला. बघायला आलेल्या भावानं एकदा खड्ड्यात डोकावलं आणि तो मुकाट्यानं घरी जाऊन चुलीवर पातेलं ठेवून बसला.

दोन दिवसांत नवा पाइप पडला. महिन्या-दीड महिन्यानं गल्लीत नवीन कावीळ निघायची थांबली. वहिनी उठून हिंडूफिरू लागली.

कामाच्या अहवालात मात्र लिहिलं होतं, ‘पिवळ्या पाण्याबाबत नागरिकांच्या तक्रारीवरून तातडीने कार्यवाही’. तिच्या अर्जांचा उल्लेख नाही. ठपका तेवढा तिच्या फाइलमध्ये कायम राहिला.

“जाऊ दे ना,” भाऊ म्हणाला. “काम झालं की नाही?”

“एका गल्लीचं झालं,” ती तडकली. “अशा शेवटच्या घरांच्या गल्ल्या किती आहेत, माहीत आहे तुला? मलाही नाही. कारण तिथे जाऊन बघायचा हुकूमच नाही!”

वहिनीनं कागद आणि पेन आणून तिच्यापुढे ठेवलं. “लिहा, वन्सं. खाली सही माझीही घ्या. मला कावीळ झाली होती, मला कोण ठपका देणार?”

चौथा अर्ज यादी बदलण्याचा होता. या खेपेस ती आवक-जावकच्या टेबलाशी ठाण मांडून बसली, आणि पोच हातात पडल्याशिवाय उठली नाही.