लेडीबाईंची भाऊबीज

लेडीबाई कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला जायच्या तेव्हाही त्यांच्या गळ्यात मोत्यांची माळ असायची. अंगात कोपरांवर रफू केलेला स्वेटर, पायांत चिखलाने भरलेले रबरी बूट, हाताने फरफटत आणलेला डबा आणि वर ही टपोऱ्या मोत्यांची दुपदरी माळ! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बाईंना कुठे लग्नाबिग्नाला जायचं असेल. पुढे एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "मोती अंगावर वागवले नाहीत तर मरतात, माय डिअर. पेटीत ठेवायला ते काय हिरे आहेत?" माझ्या पेटीत ना मोती ना हिरे. मी आपली मान डोलावली.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. माझा नवरा सुधीर अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता आणि आम्ही लेडीबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. नाव 'लेडीबाई' हे आपल्या मराठी पोरांनी ठेवलेलं, पण त्यातली लेडी अगदी अस्सल होती. इंग्लंडमधल्या एका अर्लची, म्हणजे आपल्या भाषेत मोठ्या खानदानी जहागीरदाराची, ही मुलगी. आजी राजवाड्यात राणीच्या तैनातीत होती आणि आईकडून कुठल्याशा धाग्याने बाईंचं राजघराण्याशी नातं लागायचं. सुधीरचे मित्र ही 'राजाची नातेवाईक' बघायला मुद्दाम यायचे आणि तोंड पाडून वर यायचे. "यार, ही कसली लेडी! हिच्या स्वेटरला भोकं आहेत," असं नागपूरचा एक जण म्हणाला होता. बाईंच्या कानावर गेलं असतं तर त्या खूश झाल्या असत्या. "नवे कपडे नवश्रीमंत घालतात," हे त्यांचं ठाम मत होतं.

राजघराण्याबद्दल विचारलं तर मात्र फार काही हाती लागायचं नाही. "माणसंच ती. सर्दी झाली की शिंकतात," एवढंच. एकदा खूप मागे लागले तेव्हा म्हणाल्या, की लहानपणी वाड्यावर खेळायला येणारा त्यांच्या नात्यातला एक मुलगा लपंडावात चक्क बोटांच्या फटीतून बघायचा, आणि तो राजाच्या घरचा म्हणून कुणी बोलायचं नाही. "माझा भाऊ मात्र बोलला. भर अंगणात त्याला लबाड म्हणाला आणि आठवडाभर त्याचं पुडिंग बंद झालं." भावाबद्दल बोलताना बाईंचा चेहराच बदलायचा. दोघांमध्ये वर्षाचंच अंतर. भावाच्या खिशात सदा कुत्र्यांची बिस्किटं, आणि सांभाळणाऱ्या नर्सने उपाशी झोपवलं की पांघरुणात बसून ही दोघं तीच खायची. "चवीला वाईट नसतात," असं त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं होतं.

तोच भाऊ चाळीसएक वर्षं त्यांच्या घरची पायरी चढला नव्हता.

झालं होतं असं, की महायुद्धात बाईंच्या वाड्यात अमेरिकन पलटण उतरली होती. त्यातला हॅरी नावाचा न्यू जर्सीचा एक प्लंबर वाड्याचं गोठलेलं, घर तापवायचं गरम पाण्याचं यंत्र दुरुस्त करायला तळघरात शिरला आणि दिवा धरायला बाई गेल्या. "आमचं घर तीनशे वर्षं थंड होतं. त्याने ते एका दुपारी गरम केलं. अशा माणसाशी लग्न नाही करायचं तर कुणाशी?" वडील कुत्र्यांना फिरवायला निघून गेले, आई खोलीत जाऊन बसली. पण भाऊ दारात येऊन म्हणाला, "जा. पण त्याच्या टेबलाशी मी कधी बसेन अशी आशा ठेवू नकोस." बाई निघाल्या त्या पिस्कॅटवेला. वडिलांमागे भाऊ अर्ल झाला. नाताळला त्याचं छापील कार्ड यायचं, खाली नुसती सही. मी त्या घरात गेले तोवर हॅरीकाकाही जाऊन काही वर्षं झाली होती. ते वारले तेव्हासुद्धा भाऊ आला नव्हता.

बाईंच्या टेबलाशी कोण कुठे बसणार हे ठरलेलं असायचं. यजमानिणीच्या उजव्या हाताची खुर्ची सगळ्यांत मोठ्या मानाच्या पाहुण्याची. रविवारी दुपारी त्या आम्हाला चहाला बोलवायच्या, युनिव्हर्सिटीतली चार पोरंही असायची, पण ती खुर्ची रिकामी. एकदा नागपूरकर तिच्यावर टेकणार, तेवढ्यात बाईंनी नुसती भुवई उचलली आणि तो असा उठला, की जणू खाली विंचू होता.

माझ्या बाळंतपणाला सासूबाई आल्या तेव्हा त्यांनाही ही खुर्ची खटकली. सासूबाई एका छोट्या संस्थानात वाढलेल्या, वडील तिथे खासगीकडे कारकून. त्यामुळे राजेरजवाडे, मुजरे, मानपान हा त्यांचा हातखंडा विषय. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि बाईंना मराठी, पण दोघी तासन् तास बोलायच्या. मी मध्ये दुभाषी, मांडीवर तान्ही नेहा. "विचार गं तिला, ती खुर्ची कुणाची?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "माझ्या भावाची." मी मराठीत सांगितलं, तशा सासूबाई खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे मानाचं पान मांडून ठेवलंय म्हण की! आणि जेवणारा रुसलाय." हे इंग्रजीत करताना माझी भंबेरी उडाली, पण बाईंना कळलं. त्यांनी सासूबाईंच्या हातावर हात ठेवला. एरवी त्या कुणाला हात लावत नसत.

त्याच साली दिवाळीच्या सुमारास बातमी आली: बाईंचा भाऊ, लॉर्डसाहेब, न्यूयॉर्कला येणार! कुठल्याशा मोठ्या डॉग शोला परीक्षक म्हणून. बाईंनी हॉटेलवर निरोप ठेवला, उलट फोन आला, आणि शनिवारी चारला चहाला येतो असं ठरलं. ती भाऊबीजच निघाली. मग काय विचारता! बाईंनी चांदीची भांडी घासून काढली. सासूबाईंनी वर चकल्या तळल्या, करंज्या केल्या, तबक लावलं. "चाळीस वर्षांनी भाऊ येतोय आणि तोही बीजेला! ओवाळल्याशिवाय आत घेऊ नको म्हणावं." बाईंनी औक्षण म्हणजे काय ते नीट समजून घेतलं आणि निरांजन कुठल्या बाजूने फिरवायचं ते दोनदा करून पाहिलं.

चार वाजले. साडेचार झाले. मग फोन वाजला. लॉर्डसाहेबांचा सेक्रेटरी बोलत होता: कार्यक्रम लांबलाय, साहेब दिलगीर आहेत, उद्याच्या विमानाने परत जाताहेत.

बाईंनी फोन ठेवला, किटलीवरची चहा गरम ठेवणारी लोकरी टोपी सारखी केली आणि म्हणाल्या, "कुत्री आधी. आमच्या घराण्यात हे पहिल्यापासून आहे." मग त्या खुर्चीकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. नाक लाल झालं होतं. मला इतका राग आला होता त्या म्हाताऱ्याचा, की तो समोर असता तर मी त्याला चार शब्द ऐकवले असते, अर्ल असो नाहीतर अर्लचा बाप!

सासूबाई उठल्या. "भाऊ आला नाही तर चंद्राला ओवाळतात, सांग तिला. आणि रडायचं काय त्यात? ही आपली सूनबाई जन्मभर चंद्रालाच ओवाळतेय." खरंच होतं ते. मला भाऊ नाही, सख्खा ना चुलत. लहानपणापासून बीजेला गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायचं आणि खाली येऊन शेजारच्या पोरींना मिळालेल्या ओवाळण्या बघायच्या, हेच माझं चालत आलेलं.

मी हे सांगितल्यावर बाईंनी माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं. आम्ही मागच्या अंगणात गेलो. मेपलची पानं गळून गेली होती आणि शेजाऱ्याच्या गॅरेजच्या वर बीजेची कोर दिसत होती. आधी मी ओवाळलं. मग बाईंनी तबक घेतलं. निरांजन फिरवून झालं, अक्षता टाकून झाल्या, आणि त्यांनी मला विचारलं, "आता नमस्कार कसा करायचा? मी माझ्या पद्धतीने केला तर चालेल?" मी हो म्हटलं. तबक माझ्या हातात देऊन त्यांनी एक पाय मागे नेला आणि राजदरबारात करतात तसं, गुडघे कुरकुरत असताना, पार खाली वाकून अभिवादन केलं. रबरी बूट, भोकाचा स्वेटर आणि गळ्यात मोती. सासूबाई हळूच म्हणाल्या, "खानदानी बाई हो! मुजरा असा हवा."

तेव्हापासून दर भाऊबीजेला आम्ही दोघी अंगणात जायचो. सासूबाई परत गेल्या, तरी नेम चुकला नाही. ढग असले तर बाई अंदाजाने बोट दाखवायच्या: "तो तिथेच असणार. सभ्य माणसं वेळ पाळतात."

आणि मग एका मार्चमध्ये, बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला असताना, घरासमोर टॅक्सी थांबली. आतून एक उंच, वाकलेला म्हातारा उतरला. जुनाट ओव्हरकोट, कोपरांना ठिगळं. मी जिन्यावरूनच ओळखलं. त्याची बायको नुकतीच गेली होती, हे मागून कळलं. बाईंनी दार उघडलं. तो आत पाऊल टाकणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांब तिथेच!" आणि मला हाक मारली, "माय डिअर, ते तबक आण."

मी म्हटलं, "लेडी, आज भाऊबीज नाहीये."

"तो चाळीस वर्षं उशिरा आलाय. आणखी चार महिन्यांनी काय बिघडतं?"

इंग्लंडचा लॉर्ड पिस्कॅटवेच्या दारात, पायपुसण्यावर मुकाट उभा राहिला आणि बहिणीने त्याच्या कपाळाला कुंकू लावून त्याला ओवाळलं. मी खालून तबक धरलं होतं. आता भावाने तबकात काहीतरी घालायचं असतं, हे मी त्याला सांगितलं. तो गडबडला. सगळे खिसे चाचपले. शेवटी कोटाच्या आतल्या खिशातून काहीतरी काढून त्याने तबकात ठेवलं. कुत्र्याचं बिस्कीट.

बाई हसल्या. मग रडल्या. मग दोन्ही एकदम. स्वतःच्या नवऱ्याच्या मृत्यूबद्दलसुद्धा कोरड्या डोळ्यांनी सांगणारी बाई ती!

तो उजव्या हाताच्या खुर्चीवर बसला. मी केलेला चिवडा त्याने घाम फुटेपर्यंत खाल्ला. कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "घर छान गरम आहे."

"हॅरीने केलंय," बाई म्हणाल्या.

त्याने रिकामा कप बशीत ठेवला. "चांगलं काम केलंय त्याने," म्हणाला. बाईंनी त्याचा कप पुन्हा भरला.

नंतर तो दर वर्षी यायचा, दिवाळी बघून. 'या वर्षी तुमचा तो दिवस कधी?' असं बाई मला उन्हाळ्यातच विचारून ठेवायच्या आणि त्याला कळवायच्या. पुढे सुधीरला पार पश्चिम किनाऱ्यावर, रेडमंडच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. निघालो त्या सकाळी बाई कचऱ्याचा डबा घेऊन रस्त्यापर्यंत आल्या, गाडी वळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. हात हलवणं त्यांना पसंत नव्हतं. नुसती मान झुकवली. पुढल्याच वर्षी, वसंतात, त्या झोपेतच गेल्या. मी खूप रडले. पण खरं सांगायचं तर, सुखाने गेल्या.

त्या साली भाऊबीजेच्या दिवशी सकाळी आमच्या घरचा फोन वाजला. बाहेर रेडमंडचा नेहमीचा पाऊस. फोनवर लॉर्डसाहेब. त्यांच्याकडे संध्याकाळ होती.

"आज तो दिवस आहे ना? तिने शेवटच्या पत्रात लिहून ठेवलं होतं." मग खाकरले. "मला एक विचारायचं होतं. भाऊ नसला तर बहीण चंद्राला ओवाळते, हे मला माहीत आहे. बहीण नसली तर भावाने काय करायचं असतं?"

मी म्हटलं, "तो दुसऱ्या कुठल्यातरी बहिणीच्या घरी जेवतो."

"तुझा तो भयंकर चिवडा मी खाल्लेला आहे," ते म्हणाले. "तेवढ्यावर चालेल का?"

मी त्यांना थांबायला सांगितलं. निरांजन लावलं, रिसीव्हर ओट्यावर उभा केला आणि त्याला कुंकू लावून ओवाळलं. नेहा सीरिअल खाता खाता थांबली. "मॉम, व्हाय आर यू डूइंग दॅट टु द फोन?"

"मामा आहे," मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी इंग्लंडहून पार्सल आलं. आत कुत्र्यांच्या बिस्किटांचा डबा. आमच्याकडे कुत्रा नाही. मी त्यातलं एक देवापुढे ठेवलं. इतक्या वर्षांत मला मिळालेली ती पहिली ओवाळणी.