ठकी फक्त आईशी बोलते

इस्त्रीवालीला जन्मभर कुणी पहिल्या नंबरावर ठेवलं नव्हतं. माहेरी ती मधली. थोरलीचं कौतुक थोरली म्हणून, धाकटीचं धाकटी म्हणून, आणि हिच्या वाट्याला थोरलीचे जुने फ्रॉक घालणं आणि धाकटीचे नवे धुणं. लग्न झालं ते ट्रकड्रायव्हरशी. त्याचा सगळा जीव ट्रकवर. घरी आला की आधी टायरांभोवती एक चक्कर मारणार, मग उंबरा ओलांडणार. जळायचा तिला सरावच झाला होता म्हणा. नणंदेच्या बांगड्या, शेजारणीचा हसरा नवरा, समोरच्या लॉन्ड्रीतलं वाफेचं मशीन, जे दिसेल ते तिच्या डोळ्यांत खुपायचं. तोंडाने मात्र "आपल्याला काय करायचंय" एवढंच.

मग ठकी झाली. आणि ठकी फक्त आईशी बोलायची.

फक्त म्हणजे अगदी फक्त. मुकी नव्हती ती. दुकानात गिऱ्हाईक नसलं की टेबलाखालच्या कपड्यांच्या ढिगात बसून अशी बडबड सुरू करायची, की इस्त्रीवालीला "अगं, श्वास तरी घे" म्हणावं लागे. पण दारात चप्पल वाजली की तोंडात मिठाची गुळणी. शेजारी, मावश्या, शाळेतली पोरं, कुणाशी म्हणून बोलणं नाही. बाप अधूनमधून यायचा, त्याच्यापुढेही ती लाकडी बाहुलीसारखी उभी. शेवटी तो बायकोलाच विचारायचा, "काय म्हणतेय ती?"

"ती म्हणतेय, बाबांनी आणलेला फ्रॉक फार आवडला."

ठकी काहीएक म्हणालेली नसायची. पण ते कुणाला कळणार होतं?

लोक कीव करायचे. इस्त्रीवाली चेहरा पाडून मान हलवायची आणि आतून फुलून यायची. साऱ्या जगात निदान एका माणसाचं तरी तिच्यावाचून चालत नव्हतं.

मग एक दिवस शाळेत दारात ठकीचं बोट चेमटलं. ती ओरडली नाही, रडली नाही, कुणाला दाखवलं नाही. बोट मुठीत धरून बसून राहिली. शाळा सुटताना फ्रॉकवर रक्त दिसलं, तेव्हा वर्गशिक्षिकेच्या तोंडचं पाणी पळालं.

"नख येईल हो परत," ती इस्त्रीवालीला म्हणाली. "पण उद्या याहून मोठं काही झालं तर? तुम्ही काय वर्गात येऊन बसणार आहात?"

इस्त्रीवालीला ती कल्पना तशी वाईट वाटली नाही. पण तिथेच शिक्षिकेसमोर पट्टी बदलताना चिकटलेला कापूस ओढला गेला, आणि ठकी तेव्हाही हूं की चूं करत नव्हती. तिने समुपदेशन केंद्राचा पत्ता मागून घेतला.

केंद्र एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. बाहेरच्या बाकावर बसून इस्त्रीवालीने येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांची परीक्षा घेतली. एका खोलीत भांडकुदळ नवरा-बायको जोडीने जायचे. दुसरीत जोडीदार गमावलेले म्हातारे गोल करून बसायचे, त्यांचं बोलणं थोडं आणि खोकणं जास्त. वयात आलेली पोरं मात्र खोलीत बसायचीच नाहीत, समुपदेशकाबरोबर आवारात चकरा मारायची. समोर बसवलं की त्यांची वाचा बसते म्हणे.

"ज्याला जसं सोपं जाईल तसं," ठकीच्या समुपदेशक बाई म्हणाल्या. "लहान मुलांना तर आम्ही खोदून काही विचारतच नाही. आधी नुसतं खेळतो."

खेळायचा पगार मिळतो, हे इस्त्रीवालीने मनात टिपून ठेवलं.

बाई तरुण होत्या, जांभळे मोजे घालून फरशीवर मांडी ठोकायच्या. त्यांची पद्धत साधी होती. सुरुवातीला मायलेकींनीच खोलीत खेळायचं, बाई बाहेर. मग दार किलकिलं. मग बाई कोपऱ्यात पाठ करून कागद कापत बसणार, आणि हळूहळू सरकत जवळ येणार. "तिचा आवाज तुमच्यापाशी मोकळा होतो," त्या म्हणाल्या. "त्या आवाजाला माझी सवय होऊ द्यायची. फक्त मी काही विचारलं, तर तुम्ही उत्तर द्यायचं नाही. कितीही वेळ लागो, थांबायचं."

थांबायचं! त्यापेक्षा तापलेली इस्त्री डोक्यावर धरून उभी राहा म्हटलं असतं तर जमलं असतं. बाई विचारायच्या, "हे घर कुणाचं?" ठकीचे ओठ हलतात न हलतात तोच आईचं उत्तर हजर, "सशाचं म्हणतेय ती."

"आपण थांबूया हं," बाई हसून म्हणायच्या.

"जिभेला सवयच लागलीय हो मेलीला."

सवयबिवय काही नव्हती. ठकीचे ओठ परक्या बाईसाठी हलताना दिसले की ते तिच्या डोळ्यांत खुपायचं, म्हणून ती घाई करायची.

घरी तर आणखीच. ठकीला केस बाईंसारखे वर बांधून हवे झाले. बाहुलीशी खेळताना ती "आपण थांबूया हं" म्हणू लागली. एके दिवशी तिने बाईंचं चित्र काढलं, जांभळ्या मोज्यांसकट. इस्त्रीवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर उभं राहून हिचे पाय सुजतात, ते कधी कागदावर आले नाहीत, आणि आठवड्यातून एकदा मांडी घालणाऱ्या बाईचे मोजेसुद्धा रंगवून झाले!

"बाईंकडे किती मुलं येतात बघितलंस ना?" केंद्रातून परतताना ती सहज बोलल्यासारखं बोलली. "सगळ्यांशी तशाच हसतात त्या. तुझी आई मात्र एकच."

ठकीने तिचा हात घट्ट धरला. इस्त्रीवालीला तेवढंच हवं होतं.

पुढच्या खेपेला बाईंनी तिला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. दार किंचित उघडं होतं. ती बाकाच्या दाराकडच्या टोकावर बसली आणि कान टवकारले. आत ठोकळे वाजत होते. बाईंनी काहीतरी विचारलं. मग शांतता. चांगली लांबलचक शांतता. नाही बोलणार, इस्त्रीवाली मनाशी म्हणाली, माझ्याशिवाय नाहीच बोलणार ती. आणि तिला बरं वाटलं. पट्टी नुकतीच निघालेलं ते बोट तिला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही.

"निळा," आतून ठकी म्हणाली.

ठोकळे पुन्हा वाजले. मग तोच आवाज, जरा हळू. "आईला सांगू नका मी बोलले."

"का गं?"

"तिला वाईट वाटतं."

इस्त्रीवालीचं तोंड कडू झालं. ठकीने आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी गुपित केलं होतं, ते बाईंशी, आणि तेही आईपासून लपवायचं! आधी तिला नुसता मत्सर वाटला, असा की बाईंचे केस धरावेत. त्याच्या मागोमाग शरम आली. एवढीशी पोर, आणि बोलण्याआधी आईच्या तोंडाकडे बघते.

बाई बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "आज छान खेळली." पोरीचं गुपित त्यांनी राखलं. त्याचाही इस्त्रीवालीला राग आला.

दुकानात परतल्यावर ती एकाच शर्टाची एकच बाही फिरून फिरून इस्त्री करत राहिली. टेबलाखाली ठकीची बडबड चालली होती, आज जरा जास्तच गोड.

"ठके, बाईंशी बोलावंसं वाटतं तुला?"

बडबड थांबली. "नाही," ठकी म्हणाली, आणि बाहेर डोकं काढून आईकडे बघू लागली. इस्त्री तापलीय का ते बघायला ओलं बोट लावून बघतात ना, तशी.

"वाटलं तर बोल. चालेल मला."

"तुला राग येईल."

"छे गं" तोंडाशी आलं होतं. पण या पोरीला आईचा चेहरा पाठ होता.

"येईल," इस्त्रीवाली म्हणाली. "येईल राग. पण तो माझा राग आहे, माझा मी बघून घेईन. तू बोल."

"कसा बघून घेशील?"

इस्त्रीवालीने शर्टाची बाही उलटली. "काहीतरी करीन. इस्त्री करीन."

ठकी पुन्हा टेबलाखाली गेली.

पुढच्या वेळी तिघी खोलीत होत्या. बाईंनी हातात कापडी ससा घातला आणि त्याला ठकीपुढे वाकवून विचारलं, "तुझ्याबरोबर हे कोण आलंय?"

इस्त्रीवालीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, जणू जीभही तिथेच होती. ठकीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने चेहरा लपवला नाही. जसा होता तसा राहू दिला, डोळ्यांत पाणी आलं होतं त्यासकट.

ठकी सशाकडे वळली, मग सशाला सोडून सरळ बाईंकडे.

"ही माझी आई," ती म्हणाली. "हिला खूप राग येतो. पण ती कुणाला काही करत नाही. इस्त्री करते."

बाई हसल्या. इस्त्रीवालीही हसली, आणि हसता हसता पुन्हा जळलीही. तिच्याबद्दल आजवर कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं, आणि पोरीने ते सांगितलं होतं बाईंना.