रवीच्या तोंडाचा अभ्यास

अमळनेर स्टेशनात सुरत पॅसेंजर लागली तेव्हा आमच्याजवळ एक पत्र्याची पेटी, दोन गोधड्या आणि बाजरीच्या पिठाचं गाठोडं एवढंच होतं. माझा धाकटा भाऊ रवी पेटी घेऊन आधी चढला, खिडकीची जागा धरली आणि आतूनच मला हाका मारायला लागला. एवढा मोठ्याने हसत होता की शेजारच्या डब्यातली माणसं बघायला लागली. आमचे वडील, नाना, जरा लांब उभे होते, आपण कुणाला सोडायला आलोच नाही असे. माय मात्र खिडकीच्या गजांना धरून राहिली होती. गाडी हलली तशी ती मला म्हणाली, "त्याले भूक लागनी तरी तो सांगत नही, बाई. तू इचारजो."

गावातल्यांनो, त्या दिवशी तुमच्यातले बरेच जण फलाटावर होते. पुढे काय झालं ते तुम्ही एकमेकांकडून ऐकलंत, माझ्याकडून कधीच नाही. म्हणून हे लिहिते आहे. आणि माझ्यासारखेच उधना स्टेशनवर उतरून सुरतेतल्या गोडादऱ्यात, लिंबायतीत एकेका खोलीत संसार थाटलेल्यांनो, तुमच्यासाठीही लिहिते आहे.

माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. आमचे हे सुरतेजवळच्या सचिन गावात, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये होते. रवी बारावीत नापास झाला, शेतीत त्याचं मन नव्हतं, म्हणून ह्यांनीच त्याला बोलावून घेतलं. गोडादऱ्यातली आमची खोली म्हणजे एक मोरी, एक ओटा आणि तिघांनी पसरायची फरशी. रवी लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यावर लागला. इथे कारखान्याला खातंच म्हणतात. तिथे यंत्रांचा आवाज असा की शेजारच्या माणसाला हाक मारली तरी ऐकू जात नाही. बारा तासांची पाळी. बोलता येत नाही आणि झोप तर आवरायची असते, म्हणून जो तो गालात मावा धरून बसायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात मळून केलेला. पहिल्या महिन्यातच रवीच्या खिशात तो कागद दिसायला लागला. मी ओरडले तर म्हणाला, "ताई, सगळेच खातात." आणि ते खरं होतं.

प्लेगच्या साली, चौऱ्याण्णवला, सगळी सुरत पळाली, तसे आम्हीही गावी आलो होतो, तुम्हाला आठवत असेल. तेव्हा तुम्ही आम्हाला वेशीबाहेरच्या मळ्यात ठेवलंत. माय रोज बांधावर भाकरी ठेवून जायची. मला त्याचा राग नाही. भीती सगळ्यांनाच होती. साथ ओसरल्यावर आम्ही परत आलो, कारण चूल इथेच पेटायची.

त्यानंतरच्या वर्षी आमच्या घरमालकाच्या मुलीने मला एका डेंटल कॉलेजमध्ये नेलं. ती तिथे शिकत होती. कॉलेजातल्या हंसाबेन नावाच्या डॉक्टर लूम कामगारांच्या तोंडाचा अभ्यास करत होत्या. कामगारांत निम्मे आमच्या खानदेशचे. डॉक्टर गुजराती, कामगार अहिराणी बोलणारे, आणि प्लेगनंतर पांढरा कोट दिसला की लोक दारं लावून घ्यायचे. त्यांना कुणीतरी आपल्यातलं हवं होतं. माझी बारावी सायन्स झालेली. मला काम मिळालं.

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण कशाच्या तरी उपयोगी आहोत. खात्याच्या अंगणात एक खुर्ची ठेवायची, पाळी सुटली की माणसांना बोलवायचं, मी त्यांच्याशी अहिराणीत बोलायचं. हंसाबेन म्हणायच्या, "मोढुं खोलो." मी म्हणायचे, "तोंड उघाड रे भाऊ." मी टॉर्च धरायची आणि त्या आरशाने आत बघायच्या. पुष्कळांचे गाल आतून पांढरट, ताठर झालेले असायचे, चामडं वाळावं तसे. तोंड पुरतं उघडतच नसे. हंसाबेननी मला समजावलं होतं की सुपारीने आतली कातडी आवळत जाते, आधी तिखट लागल्यावर जळजळतं, मग तोंड हळूहळू बंद होतं. काहींचं पुढे कॅन्सरपर्यंत जातं.

रवीच्या खात्यावर आम्ही गेलो तेव्हा तो मित्रांबरोबर आला, सगळ्यांना सांगत, "ही माझी ताई आहे, डॉक्टरीण." खुर्चीत ऐटीत बसला. हंसाबेन म्हणाल्या, "खोलो." त्याने तोंड उघडलं.

"और खोलो."

"इतनाही खुलता है, मॅडम."

त्याच्या दातांमध्ये दोन बोटंसुद्धा मावत नव्हती. मी टॉर्च धरून उभी होते आणि आत तेच पांढरं दिसत होतं. कितीतरी दिवस तो माझ्या हातचा ठेचा ताटाच्या कडेला सारत होता. सुरतेच्या मिरच्या फार जाळतात, म्हणायचा. हंसाबेननी माझ्याकडे बघितलं आणि वहीत लिहून घेतलं. मित्र मागे हसत होते. रवीही हसला, पण हसताना त्याचा गाल हलला नाही, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले ते थेट त्यांच्या टेबलाशी. "मॅडम, माझ्या भावाला औषध द्या."

त्या म्हणाल्या, "मीनाबेन, हा तर अभ्यास आहे. किती लोकांना झालंय आणि का झालंय, एवढंच आपण बघतोय."

"आणि ज्यांना झालंय त्यांचं?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "खरं सांगू? आत एकदा आवळलं की ते परत सैल करणारं औषध आमच्याकडे नाही. मावा सोडला तर आहे तिथे थांबेल. कदाचित."

त्या कदाचितला मी धरून बसले. रवीने मावा सोडला. गावात असं बोललं जातं की तो चोरून खात राहिला. ते खोटं आहे. त्याने सोडला, मी बघितलंय. हात थरथरायचे, पाळीत डुलक्या लागून सुताचे धागे तुटायचे, शेठच्या शिव्या खायचा, पण सोडला. आणि तरीही तोंड बंद होत गेलं. भाकरीचा घास जाईना, म्हणून मी ती दुधात कालवून द्यायची. मग घट्ट वरण जाईना. आमचे हे जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायला लागले, कारण त्याच्यासमोर घास घ्यायची त्यांना लाज वाटायची. मायला आम्ही काही कळवलं नाही. तोच म्हणाला होता, "तिला नको. ती इथे येऊन बसेल आणि रडेल."

काही महिन्यांनी हंसाबेननी मला बोलावलं. कॉलेजात नवा अभ्यास सुरू होणार होता. गालात इंजेक्शनं देऊन बघायची, आणि त्याने भागलं नाही तर आतले ताठर पट्टे कापून तोंड मोकळं करायचं. त्यांनी रवीला समोर बसवून सगळं समजावलं. बरं होईलच असं सांगता येत नाही, दुखेल, नको वाटलं तर कधीही सोड. रवीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, मला पुन्हा जोरात बोलता येईल?" त्या म्हणाल्या, "प्रयत्न करू." तो म्हणाला, "मग करा."

इंजेक्शन घेऊन आला की गाल सुजलेला असायचा. थोडं उघडायचं आणि आठवड्यात पुन्हा मिटायचं. मग कापलं. शुद्धीवर आला तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं. खरंच उघडं, वरचे-खालचे दात एकमेकांपासून लांब. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले, आनंदाने. ते तोंड तसं उघडं ठेवायचं काम आता आमचं होतं. आतली जखम भरताना पुन्हा आवळते, म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकीवर एक रचून दातांमध्ये घालायच्या आणि सकाळ-संध्याकाळ एक-एक वाढवत न्यायची. कापलेल्या जागेवर. रवी स्वतः घालायचा तेव्हा थांबायचा. म्हणून मला घालायला सांगायचा. "मी नको म्हटलं तरी घाल," असं आधीच सांगून ठेवायचा. आणि मग दोन्ही हातांनी माझा हात ढकलायचा, डोळ्यांतून पाणी वाहायचं, घशातून आवाज यायचा. मी गुडघ्याने त्याचा हात दाबून धरायची आणि आणखी एक काडी सरकवायची. शेजारणी दारात येऊन निघून जायच्या.

अशाच एका सकाळी नाना आले. कुणीतरी गावात सांगितलं होतं की तुमच्या पोराला सुरतेत डॉक्टरांनी धरलंय. दार उघडंच होतं. त्यांनी जे बघितलं ते असं: त्यांची लेक त्यांच्या लेकाच्या छातीवर वाकलेली, त्याच्या तोंडातून रक्ताची लाळ गळतेय आणि ती आत लाकूड खुपसतेय.

"सोड त्याले," नाना म्हणाले. ते ओरडले नाहीत.

मी समजावत राहिले. ह्यांनी समजावलं. निरोप मिळताच हंसाबेन धावत आल्या, हात जोडले, हे बंद केलंत तर सगळं वाया जाईल म्हणाल्या. नानांना त्यांची भाषा कळली नाही आणि माझी त्यांना ऐकायची नव्हती. रवी नुसता बसून होता. मला वाटलं, तो म्हणेल की मी इथेच राहतो. पण तो थकला होता हो. मी त्याला दोष देत नाही. त्याच दुपारच्या गाडीने नाना त्याला घेऊन गेले.

गावी त्याचं तोंड पुन्हा मिटलं. पुढचं तुम्ही सगळ्यांनी बघितलंच. गालात व्रण झाला, हंसाबेननी दोनदा निरोप धाडला की ताबडतोब घेऊन या, व्रणाचा तुकडा काढून तपासला पाहिजे. नाना म्हणाले, आता त्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. मानेला गाठ आली तेव्हा त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथल्यांनी उशीर झालाय म्हणून परत पाठवलं. तो गेल्याचा निरोप मिळून मी पोचले तेव्हा त्याला अंगणात निंबाखाली ठेवलं होतं. वैशाखाचं ऊन होतं. बायकांनी मला वाट दिली, पण कुणी गळ्यात पडलं नाही. माय त्याच्या उशाशी होती. वर बघून म्हणाली, "तुना डॉक्टरस्ले सांग, त्यास्ना प्रयोग पुरा झाया."

मला त्याच्या अंगावर पडू दिलं नाही. दहाव्यालाही थांबले नाही मी. थांब असं कुणी म्हटलंच नाही.

सुरतेला परत आल्यावर मी हंसाबेनला विचारलं, "माझ्या भावापासून तुम्हाला काय कळलं?" मला भांडायचं होतं. त्या कितीतरी वेळ हातातला आरसा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढंच, की इतक्या उशिरा आम्ही काही करू शकत नाही. हे आम्हाला आधी नक्की माहीत नव्हतं." मी त्या दिवशी काम सोडलं. काही महिने घरात बसून राहिले. खिडकीतून लूमचा आवाज यायचा, आणि रोज उधन्याला गाडीभर पोरं उतरायची, आमच्याच बोलीत मोठमोठ्याने हसत. ते हसणं मला ऐकवेना. मी पुन्हा कामावर गेले. टॉर्च धरला. कुणाला बरं करता येतं म्हणून नाही. निदान ज्याचं तोंड अजून उघडतंय त्याला, "भाऊ, आजपासून सोड," एवढं त्याच्या भाषेत सांगता येतं म्हणून. दहातले नऊ हसून निघून जातात.

गावाकडचं काही वर्षं मला कळत नव्हतं. लग्नकार्याची आमंत्रणं येत नव्हती. सणाला मी पुरणाचा घाट घालायची आणि मधेच चूल विझवून बसायची. माझ्या मुलीला शाळेत कुणी विचारलं, तुझं गाव कोणतं, तर ती म्हणायची, "सुरत." मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

मग परवा-परवा, या सरत्या दशकाच्या शेवटी, कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याने हाक मारली. पलीकडे माय होती. आवाज म्हातारा झालेला. ती खुशाली विचारत नव्हती. म्हणाली, "आपला संजयना तोंडमा आग व्हस. तिखट लागस त्याले. तुनाकडे लई येऊ का?"

संजय म्हणजे काकांचा मुलगा, लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप. मी त्याला घेऊन ये म्हटलं, "लई ये." माझ्याकडे औषध नाही, हे मी तिला सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही. उधन्याला कुठल्या गाडीने उतरायचं, तेवढं सांगितलं.

ती स्वतः आली त्याच्याबरोबर, आयुष्यात पहिल्यांदा सुरतेला. संजयला मी हंसाबेनकडे नेलं. त्या म्हणाल्या, सुरुवात आहे, सोडलं तर थांबेल. कदाचित. तोच शब्द. संजयने मान हलवली. तो सोडेल की नाही, मला माहीत नाही.

घरी परतलो तेव्हा माय खोलीच्या मधोमध उभी होती, अजून बसली नव्हती. ओट्याकडे, मोरीकडे, भिंतीकडे बघत होती. मला म्हणाली, "तो कोठे झोपे?"

रवी झोपायचा ते मी दाखवलं. दाराजवळची जागा, जिथे वारा येतो. घर कुठलं, असं मला कुणी विचारलं तर आता मी खानदेशही म्हणू शकत नाही आणि सुरतही. तेवढी फरशी दाखवू शकते. रवी तिथे होता, आणि आम्ही त्याच्याजवळ होतो.

माय हळूच खाली वाकली, हाताने ती जागा पुसली आणि भर दुपारी, लुगड्याचा पदर तोंडावर घेऊन, तिथे आडवी झाली. मी पंखा तिच्या बाजूला वळवला आणि दार लोटून घेतलं.