पडद्यावरचं काळीज

हार्टच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. पेशंट चपला बाहेर काढतात आणि किस्से आत ठेवून जातात! बीएस्सी होऊन मी डॉक्टरांच्या हाताखाली लागले आणि त्याच सुमारास आमच्याकडं आवाजाच्या लहरींवर चालणारं कलर डॉपलर मशीन आलं. छातीला धक्का न लावता आतलं धडधडणारं हृदय टीव्हीसारखं समोर! पहिल्यांदा झडप उघडमीट करताना बघितली आणि माझ्या हातातली जेलची बाटलीच खाली पडली.

*

शिरोळचे एक आजोबा. पडद्यावर लाल-निळं बघून ताडकन उठायलाच लागले. "माझं रगत निळं कसं?"

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आपल्याकडं येणारं रक्त मशीन लाल दाखवतं, लांब जाणारं निळं."

आजोबा निवांत आडवे झाले. "मग असू दे. एसटी स्टँडागत हाय की! येनारी येत्यात, जानारी जात्यात!"

*

एकदा ऐन तपासणीत लाईट गेली. पडद्यावरचं हृदय गपकन नाहीसं झालं आणि मी किंचाळले, "बंद पडलं!"

टेबलावर गुऱ्हाळवाले पाटील होते. त्यांनी एक डोळा उघडला. "काय बंद पडलं, ताई? मी हाय की अजून!"

*

खंडेनवमीला झाडलोट करणाऱ्या अक्काताई हळदकुंकू, झेंडूचा हार घेऊन मशीनपुढं हजर. "कोयत्याची पूजा चालतीया, मग ह्येची नको व्हय?"

हळद मशीनच्या जाळीतनं आत गेली तर! मी हात पसरून आडवीच उभी राहिले. तेवढ्यात डॉक्टर आले. मला वाटलं, आता आम्हा दोघींचं काही खरं नाही. त्यांनी बूट काढले. "अक्काताई, हार चाकाला बांधा, वर नको." आणि स्वतः हात जोडले.

माझ्याकडं बघून म्हणाले, "सगळं शिकलोय गं. तरी नुसत्या आवाजातनं चित्र कसं उमटतं, याचं रोज नवल वाटतं!"

*

मुरगूडची सोनाली, आठ वर्षांची. हृदयातल्या भिंतीला जन्मतःच भोक. दम लागतो म्हणून आईनं तिला कधी पळू दिलं नव्हतं. मांडीच्या शिरेतनं नळी घालायची, हृदयात इवलीशी छत्री उघडायची आणि भोक बुजवायचं, हे तेव्हा आमच्याकडं नवीनच ऐकू यायला लागलं होतं. पुण्याला जाऊन तेच करून आणलेलं. भोक बुजलं नसेल, तर मात्र छाती उघडावी लागणार होती.

डॉक्टर मशीनवर तेच बघत होते. आई दाराकडं तोंड करून उभी. मी भीत भीत पडद्याकडं बघितलं. छत्री जागच्या जागी होती आणि पूर्वी भिंतीतनं आरपार जाणारी लाल धार कुठंच नव्हती!

"आता पळू दे हिला," डॉक्टर म्हणाले.

आई वळली. "किती?"

"दमेपर्यंत!"

सोनाली फ्रॉक घालून व्हरांड्यात गेली आणि उभीच राहिली.

"पळ की गं!"

"कसं?"

आईनं हातातली पिशवी माझ्याकडं दिली, पदर खोचला आणि "आसं!" म्हणून व्हरांड्यातनं जी सुटली! मागनं सोनाली. बाकावर बसलेल्या हार्टच्या पेशंटांनी एकेक करत पाय आत घेतले.