प्रकल्पावर वाढलेलं पुरण

एका गावाचा सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प मी भाजीच्या चाकूने कापला आणि दोन पिशव्यांत भरून झाशीला घरी आणला.

चोरी म्हणून नव्हे, महालक्ष्म्यांसाठी! आमच्या आत्याबाई (यजमानांच्या आत्या, वय ऐंशी, आवाज तिशीतला) गौरीजेवणाला पत्तल, म्हणजे इथली पत्रावळ, चालवून घेत नाहीत. "झाशीत पिढ्या गेल्या म्हणून काय पत्तलीवर पुरण वाढायचं? पान हवं!" सीपरी बाजारात केळीचं पान मागितलं, तर दुकानदार म्हणाला, "भाभीजी, केला ले जाइए. पत्ता कौन बेचता है?"

जेवणाच्या आदल्या दिवशी मी भाजी आणायला बरुआसागरला गेले होते. परतताना बस एका गावाशी बंद पडली. खाली उतरून पाहते तर समोर कर्दळ! हाताएवढी रुंद, टवटवीत पानं. या गावात आमच्या ह्यांचा प्रकल्प आहे, एवढं मला ठाऊक होतं. तीन वर्षं "एकदा येऊन बघ" म्हणत होते आणि मी "बघू" म्हणत होते. पण प्रकल्प म्हणजे लोखंडी टाक्या, घरघरणारी यंत्रं आणि दारावर चौकीदार, अशी माझी समजूत. इथे नुसती खडी आणि त्यात कर्दळ. माणूस नाही, वाससुद्धा नाही. कुणीतरी हौसेने बाग लावून विसरलेला दिसतोय, असं म्हणून मी बाजारात भाजीसाठी घेतलेला नवा चाकू काढला. बस दुरुस्त होईपर्यंत मागे नुसते दांडे उरले.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. आत्याबाई पानावरून हात फिरवून म्हणाल्या, "याला म्हणतात सोवळ्याचं पान! कुठल्या मळ्यातलं गं?"

"बरुआसागरच्या वाटेवरचं," मी ऐटीत म्हणाले.

ह्यांचा वरणभाताचा घास हवेतच थांबला. मग माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "खडीतली कर्दळ?"

"हो."

"किती कापलीस?"

"सगळी. लोक किती आलेत बघा ना!"

"अगं, तो माझा प्रकल्प आहे! अख्ख्या गावाचं सांडपाणी त्या मुळांतून जातं. उद्या सकाळी पाण्याचा नमुना घ्यायला साहेब येतायत. नापास झालं तर खडी उचलतील आणि घाण पुन्हा तलावात!"

"म्हणजे आपण आत्ता..." मी पानाकडे पाहिलं.

"पाणी खडीच्या खालून वाहतं. पानांना थेंब लागत नाही."

(हे वाक्य मी पंगत उठेपर्यंत जपासारखं म्हणत होते. वाढताना आत्याबाईंच्या पानावर पुरण जरा जास्तच पडलं.)

"पण पानं नसली तर पाणी शुद्ध होईल ना?"

"काय माहीत! एकदम सगळी कुणी कधी कापलीच नव्हती!"

सकाळी साहेबांच्या आधी आम्ही दोघं तिथे हजर. वाफ्याची राखण करणारी रामकली दांड्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभी. "साब, कौनऊ की भैंस घुस गई ती! ऐसी सफाई से चर गई कै का बताएँ!"

"भैंस नहीं थी," मी म्हणाले. "मैं थी।"

रामकलीने मला खालून वरपर्यंत पाहिलं. साहेब आले नसते, तर पुढचं ऐकावं लागलं असतं.

साहेबांनी दोन बाटल्या भरल्या. पहिली नाल्याच्या तोंडाशी: काळं, फेसाळ, नाकाला पदर लावायला लावणारं पाणी. ते खडीत शिरलं, दिसेनासं झालं आणि पलीकडच्या नळीतून बाहेर आलं. दुसऱ्या बाटलीतून मला साहेबांची बोटं दिसत होती! यंत्र नाही, वीज नाही. वरून मी बोडकं केलेलं, तरी मुळं खाली मुकाट्याने कामाला लागलेली. मी वाकून त्या पाण्यात हात घातला. मला अशा वेळी बोलायला खूप असतं, पण त्या दिवशी एवढंच सुचलं, "अहो, हे तुम्ही केलंत?"

"तीन वर्षं तेच तर सांगतोय," हे म्हणाले.

आठ दिवसांनी निकाल आला. पास! कर्दळ दिवाळीपर्यंत पुन्हा छातीएवढी झाली. आत्याबाईंनी पुढच्या वर्षासाठीही त्याच मळ्यातली पानं सांगून ठेवली आहेत आणि त्यांना खरं सांगायची हिंमत आमच्या घरात अजून कुणाला झालेली नाही.

आता मी दर महिन्याला प्रकल्प बघायला जाते, पण नव्याने घातलेल्या कुंपणाबाहेरूनच. आत पाटी आहे, 'यहाँ जानवर न छोड़ें'. त्याखाली रामकलीने कुणाकडून तरी रंगवून घेतलंय, 'और इंजीनियर साहब की घरवाली भी।'