एकट्यानं चालणारी आरामशीन

वैशाखातल्या एका संध्याकाळी वादळ आलं आणि आमच्या शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, साग मुळासकट आडवा झाला. सकाळी मी पाहायला गेलो. बुंधा माझ्या कवेत जेमतेम मावेल एवढा. शेंड्याच्या बाजूला माझा मोठा भाऊ उभा होता. त्यानं झाड पाहिलं, मी झाड पाहिलं, आणि दोघं एकमेकांशी एक अक्षर न बोलता आपापल्या वाटेनं घरी आलो. घरं मात्र एकाच आंगणात आहेत.

दोष माझा होता, हे आधीच सांगून टाकतो. सारी नोकरी ऊर्जानगरला वीज केंद्रात फिटर म्हणून केली. निवृत्त होऊन धानोऱ्याजवळच्या आमच्या गावी परत आलो तो हातात मोजपट्टी घेऊनच. बायको हैदराबादला मुलीकडे, नातवाला सांभाळायला. इकडे मी एकटा आणि करायला काही नाही. पहिल्याच महिन्यात मी आंगण मोजलं, मधोमध लोखंडी अँगल गाडले आणि तार ओढून घेतली. कुणी भांडलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. इतकी वर्षं क्वार्टरमध्ये राहिल्यानं आपलं ते आखलेलं असावं असं डोक्यात बसलेलं. भाऊ ओसरीत बसून बघत होता. तार ताणून झाल्यावर एवढंच म्हणाला, "मोजून घेतलं ना बराबर?" त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. इतकी वर्षं आईबाप त्यानं सांभाळले, शेत त्यानं सांभाळलं, आणि मी येऊन आंगणात तार ओढली. मी त्याच्या जागी असतो तर शिव्या दिल्या असत्या. त्याच्या गप्प बसण्यानं जास्त लागलं.

तर साग. घरासाठी एक दिवाण करावा, स्वयंपाकघराला नवं दार करावं, असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर मला दिवाणही नको होता आणि दारही. दिवस जात नव्हता. ओंडका गावातल्या गावात, जिथे पडला तिथेच चिरायचा होता. तालुक्याच्या आरामशीनवर, लाकूड चिरायच्या कारखान्यात, न्यायचा तर वाहतुकीचा परवाना वेगळा, ट्रॅक्टर वेगळा, आणि चढवायला चार माणसं. चार माणसं कुठून आणू? मी तर एकही टिकवला नव्हता.

लहानपणी आम्ही दोघं भाऊच चिरायचो. लाकडाच्या उंच घोडीवर ओंडका चढवलेला, वर भाऊ, खाली मी, मध्ये माणसाएवढी करवत. वरचा माणूस रेघ बघतो, खालचा फक्त ओढतो. सारा भुसा खालच्याच्या डोळ्यांत. मी दुपट्टा तोंडावर गुंडाळून ओढायचो आणि वरून भाऊ ओरडायचा, "ओढ बे! जेवला नाई का सकाळी?" त्या करवतीला दोन टोकं होती, एकट्या माणसाला तिचा काही उपयोग नव्हता. म्हणून मी एकट्यानं चालणारी मशीन शोधायला निघालो.

फोनवर व्हिडिओ पाहिले. गोरी माणसं, बर्फ, बाजूला कुत्रा, आणि लोण्यातून सुरी जावी तशी फळी निघते. माणूस एकटाच. मी खूश झालो. दहा-बारा व्हिडिओ बघून झाल्यावर फिटरची नजर जागी झाली. दुसरी बाजू चिरायला ओंडका एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर फिरवतानाचा भाग प्रत्येक व्हिडिओत कापलेला होता. आत्ता तो असा पडलाय, लगेच तो तसा पडलाय. मध्ये कोण आलं, कुणी हात लावला, काही दाखवत नव्हते. मला त्या लोकांचा फार राग आला.

मग वरोऱ्याला शेती अवजारांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथे गेलो. रुळांवर चालणारी पट्ट्याच्या पात्याची मशीन होती. देखणी, पण पेन्शनमध्ये बसणारी नव्हती. शिवाय तसली घरी ठेवायची तर मोठ्या आरामशीनसारखा वनखात्याचा परवाना लागेल, असं आमच्या गावच्या वनरक्षकानं आधीच बजावलेलं. दुसरी गोल पात्याची. तिचं उघडं पातं बघूनच मी मागे सरलो. असल्या पात्यानं बोटं गेलेला एक जोडीदार माझ्यासोबत कामाला होता. तिसरी म्हणजे साधा चेनसॉ, पेट्रोलवर फिरणाऱ्या साखळीची करवत, आणि त्याला अडकवायची लोखंडी चौकट. ओंडक्यावर शिडी ठेवायची, शिडीवरून चौकट सरकवत न्यायची, खाली फळी सुटते. स्वस्त, सुटी करून सायकलवरही नेता येईल अशी. भुसा फार करते आणि वेळ खाते, पण वेळेची मला कुठे टंचाई होती.

विकणाऱ्याला मी विचारलं, "एकट्यानं चालते का?"

"चालते ना काकाजी," तो म्हणाला. "फक्त ओंडका फिरवाले एक जन लागते. घरचं कोनी असनच की."

"नाई," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं गिऱ्हाईक बघायला लागला. मी चौकटीचे बोल्ट हातानं ढिले-घट्ट करत बराच वेळ तिथेच उभा राहिलो. शेवटी तीच घेतली, आणि ओंडका उचलायला एक जॅकही.

रात्री बायकोचा फोन आला. मी तिला साखळीचे दात, चौकटीची पकड, सगळं समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मशीन घेतली, आता हात कोन लावन? तुमच्या भावाले हाक द्या ना."

"एकट्यानं होते," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

पण साग पडलेला असला तरी आपल्या मनानं चिरता येत नाही. वनरक्षक येऊन माप घेऊन गेला, आणि अर्जाचा कागद हातात देताना म्हणाला, "सातबारावर तुमच्या भावाचंबी नाव हाय. त्यायची सही लागन." मी आंगण वाटून घेतलं होतं, शेत अजून एकत्रच होतं. दोन दिवस तो कागद मी घडी करून खिशात घेऊन फिरलो.

तिसऱ्या दिवशी गेलो. तारेला फाटक मी ठेवलंच नव्हतं, म्हणून रस्त्यावरून वळसा घालून त्याच्या दारात जावं लागलं. भाऊ ओसरीत मोहफुलं निवडत बसला होता. मी कागद पुढे केला आणि म्हणालो, "तुमची सही पाहिजे." जन्मात पहिल्यांदा मी त्याला 'तुम्ही' म्हणालो होतो. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा लावून कागद पूर्ण वाचला आणि सही केली.

"अर्ध्या फळ्या तुमच्या," मी म्हणालो.

"मले काय कराच्या हायेत फळ्या." त्यानं कागद परत दिला. मी वळलो तसा तो म्हणाला, "कोनासंगं चिरून राह्यला?"

इतक्या दिवसांनी त्यानं मला काही विचारलं होतं. मला नुसतं खरं सांगायचं होतं, की कोणीच नाही. पण मशीनचा गर्व म्हणा की माझा जुना आडमुठेपणा, मी म्हणालो, "मशीन आनली. माणसाचं काम नाई तिले."

"बरं हाय मंग," तो म्हणाला आणि पुन्हा मोहफुलं निवडायला लागला.

परवानगी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कामाला लागलो. मशीन उत्तम निघाली. पहिल्या दोन फळ्या इतक्या सरळ सुटल्या की मी मोठ्यानं "वा!" म्हणालो आणि ऐकायला आजूबाजूला कोणी आहे का ते बघितलं. मग ओंडका फिरवायची वेळ आली. खाली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घातली, ती निसटली. जॅक लावला, तो मातीत रुतला. त्याखाली फळी टाकली, पुन्हा चढवला. ओंडका थोडा उठला आणि धाडकन परत बसला. माझा पाय थोडक्यात वाचला. मी शिवी हासडली. कुणाला, माहीत नाही.

घाम पुसताना वर पाहिलं तर धुऱ्यावर भाऊ उभा होता. आवाज ऐकून आला असावा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईनं जॅक पुन्हा लावला आणि जीव खाऊन दांडा मारायला लागलो. या वेळी ओंडका सावकाश उठला, कलला आणि दुसऱ्या कुशीवर बरोबर बसला. मी सरळ उभा राहिलो आणि प्लांटमध्ये करायचो तसा हात वर करून त्याला खूण केली. झालं, जमलं, काळजी नको.

त्यानं मान हलवली. मग खांद्यावरची वस्तू या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि घराकडे चालू लागला, तेव्हा मला दिसलं की ती सब्बल होती. सब्बल घेऊन कोणी धुऱ्यावर सहज फिरायला येत नाही.

तो फार लांब गेला नव्हता. गुडघ्यांमुळे तो आता हळूहळू चालतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. ओंडका अजून दोनदा फिरवायचा होता, तेवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मी तो वळणाआड जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिलो. मग वाकून चेनसॉ चालू करायची दोरी ओढली, आणि त्या आवाजात हाक मारायचा प्रश्नच उरला नाही.