आबांची बाग आणि तिचं भलतंच वागणं

वाईनच्या द्राक्षबागेत नोकरी करते म्हटलं की लोक डोळा मारून विचारतात, "मग घरी काय नेता?" किस्से नेते, दुसरं काय! कागलजवळच्या आबांच्या बागेत मी द्राक्षांची साखर मोजते. अलीकडे हवामान असं फिरलंय की घड कमी आणि किस्सेच जास्त. हसत सांगायला जावं तर मध्येच अंगावर काटा येतो.

*

आबा हौशी माणूस. चहूकडे ऊस, आणि ह्यांनी लावली वाईनची द्राक्षं! "पावणं, ऊस काय कुणीबी लावतंय की!" कलमं बांधली त्यांच्या जुन्या माळ्यानं, सलीममामांनी, छाटणीही त्यांचीच. छाटणीआधी मामा वेलीला विचारतात, "येऊ का?" मी एकदा हसले. "झोपल्याल्याला न सांगता कात्री लावू व्हय, ताई?"

एका ऑक्टोबरात पाऊस थांबलाच नाही. पानं झडून वेली झोपायच्या दिवसांत बाग हिरवीगार. मामा पहिल्या ओळीपाशी गेले आणि न विचारताच परत आले.

"काय झालं?"

"जाग्या हाईत. झोपल्याच न्हाईत औंदा."

*

मग फेब्रुवारीतच मे महिन्याचं ऊन! माझ्या मशिनवर साखर भरपूर. मी पळत गेले, "आबा, माल तयार!" मामांनी एक मणी चावला आणि बी तळहातावर काढली. हिरवी.

"ह्यो पिकला न्हाय, ताई. ह्याला ताप आलाय."

वाईनवाल्यांनी माल परत पाठवला. आबा एवढंच म्हणाले, "फुडच्या वर्षी माल गेला न्हाय, तर बाग मोडायची."

*

पुढच्या वर्षी पाखरं घड खातील म्हणून जाळी लावली. एकही पाखरू फिरकलं नाही. आठवड्यानं आबांनी स्वतःच जाळी वर केली. "खाऊ देत की वाईच!" म्हणत बांधावर बसून राहिले. शेजारच्या उसात नुसती किलबिल, आणि बागेत चिडीचूप.

"पाखरांनीबी माल परत पाठवला," मी म्हटलं. कुणीच हसलं नाही. वाईनवाल्यांनी तर त्या वर्षी घड तोडूच दिले नाहीत.

*

बाग मोडायची ठरली. आबांनी जेसीबी येऊ दिला नाही. मामांनीच करवतीनं एकेक खोड बुडाशी कापलं. कापलेल्या वेली तारेवर तशाच ठेवल्या, वाळल्या की काढू म्हणून. त्यातच अवकाळी पाऊस पडला.

दहाव्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गेलो. आबा फाटकाशीच बागेकडे पाठ करून उभे राहिले. त्यांना बघवत नव्हतं. मलाही रडू येत होतं. मामा एकटेच आत गेले आणि पहिल्या ओळीपाशी थबकले. काडीवर जिथून कोंब फुटतो, त्याला आम्ही डोळा म्हणतो.

"आबा, डोळं उघडल्यात."

"कुणाचं? खाली मुळं न्हाईत की!"

"समद्यांचं."

आबा वळले नाहीत. हळूच म्हणाले, "माझ्याकडं बघत्यात काय?"

"न्हाय आबा," मामा म्हणाले. "करवत माझ्या हातात हुती."